बॅटरीपासून वीतभर अंतरावर

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २००६

चि. राजशेखर,

शरणार्थ. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलं नाही. माझं अक्षर तुझ्या ओळखीचं नाही, तेव्हा उघडशील असं वाटलं. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मी चन्नाप्पा, तुझा दाजी. मध्यंतरी दोनदा फोन केला होता, दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवलास. त्याबद्दल काही म्हणणं नाही. कागदाचं एक बरं असतं, त्याला मधेच ठेवून दिलं तरी उद्या पुन्हा उचलता येतं.

इकडे सर्व ठीक. उसाचा हंगाम सुरू झालाय. दिवसभर दारावरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात आणि खिडक्या लावून बसावं लागतं. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी भोंगा झाला की हात घड्याळाकडे जातो. विद्याश्री आणि मुलं मजेत असतील.

आता कामाचं. तू मोटारीच्या वायरिंगचा माणूस, आणि मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून लिहितोय. आमच्या गल्लीत बाळासो म्हणून एक आहे, त्याची भाड्याची ट्रॅक्स आहे, डिझेलची. तिच्यातून एका पेशंटला न्यायचंय. पेशंटला श्वासाचा त्रास आहे. हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन असतं, ते सतत लागतं. बेडसाइड टेबलाएवढं असतं आणि घरातल्या विजेवर चालतं. मशीनवर साडेतीनशे वॅट लिहिलंय. सिलिंडर न्या, असं सगळे सांगतात. पण लहान सिलिंडर जाता जाताच संपेल, आणि मोठा, माणसाएवढा सिलिंडर गाडीत आडवा टाकून न्यायला बाळासो तयार नाही. पोचल्यावरही थोडा वेळ थांबायचं आहे, आणि तुमच्या भागात भारनियमन किती तास असतं ते तुला ठाऊकच आहे. म्हणून गाडीतच वीज पाहिजे.

शाहूपुरीतून हजार वॅटचा इन्व्हर्टर आणला. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून घरासारखी वीज देतो. इथल्या एका फिटरनं तो गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकात बसवला. मशीन चालू केलं की त्या भोकाचा फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग त्या पठ्ठ्यानं फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. "आता बघा कसा उडतोय," म्हणाला. तो उडाला नाहीच. डॅशबोर्डमागून धूर आला. बाळासोनं डोक्याचा टॉवेल हाताला गुंडाळून वायर ओढून काढली. वायरचं प्लास्टिक वितळून टॉवेलला चिकटलं होतं.

गाडीत तेव्हा पेशंट नव्हता. आम्ही तिघंच होतो. पण मी घरी येऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. हे रस्त्यात झालं असतं तर?

तेव्हा तू एवढं सांग. वायर किती जाड घ्यायची? बॅटरीपासून थेट ओढायची का? फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठं? बॅटरी बॉनेटखाली आहे, इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवायचा आहे. इथल्या फिटरांवर आता माझा भरवसा नाही. तुझ्यावर आहे. उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस, पण देणार असलास तर लवकर दे.

तुझी आक्का नीलम्मा बरी आहे. हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही.

चन्नाप्पा


कसबा बावडा
३ डिसेंबर २००६

चि. राजशेखर,

तुझं उत्तर पोचलं. ना नमस्कार, ना सही, पण आकृती अशी की शाळेतल्या फळ्यावर काढावी. मी ती तीनदा वाचली आणि मग शाहूपुरीला गेलो.

तू लिहिल्याप्रमाणेच सगळं केलं. पंचवीस स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घेतली, लाल आणि काळी. दुकानदार म्हणाला, एवढी जाड कशाला, सोळात भागतंय. मी म्हटलं, आमच्या माणसानं पंचवीस लिहिलंय. काळी वायर गाडीच्या पत्र्याला न लावता बॅटरीपर्यंतच आणली. टोकांना तांब्याचे लग, म्हणजे नटात बसणाऱ्या भोकाच्या टोप्या, दाबून घेतले, पीळ देऊन वायर अडकवली नाही. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी बूच घातलं, म्हणजे पत्र्याच्या धारेनं ती सोलायला नको. शंभर अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर. भोक पाडायला बाळासोची परवानगी मागितली तर म्हणाला, "पाडा की! गाडी काय माझ्या लेकीच्या लग्नात द्यायची हाय व्हय?"

फ्यूज बॅटरीजवळच का, हे मला कळलं नव्हतं. मला वाटायचं की फ्यूज मशीन वाचवायला असतो, म्हणून मशीनजवळ असावा. तू लिहिलंस की फ्यूज वायरसाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्यात शॉर्ट झाला तर त्याला थांबवणारं कुणीच नसतं, म्हणून तो तुकडा जेवढा लहान तेवढं बरं. हे वाचलं आणि त्या फिटरनं फ्यूजच्या जागी तार गुंडाळून आपल्याला कशावर बसवलं होतं ते ध्यानात आलं. काम मात्र त्याच्याकडूनच करून घेतलं. तुझा कागद समोर धरून उभा राहिलो आणि एकेक नट बघितला. मशीन अर्धा दिवस चालवून पाहिलं, गाडीचं इंजिन चालू ठेवून. वायर हाताला कोमटसुद्धा लागली नाही.

आणि कागदाच्या तळाशी, वेगळ्या पेनानं, तू दोन शब्द लिहिलेस. "पेशंट कोण?"

पहिल्या पत्रात मी ते लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर तू आकृती पाठवली नसतीस अशी भीती वाटली. आता वाटतं, तुझ्याबद्दल असं वाटून घ्यायला नको होतं.

पेशंट नीलम्मा आहे.

दोन वर्षांपूर्वी कोरडा खोकला सुरू झाला. तो गेला नाही. मग जिना चढताना दम लागायला लागला, मग भाकरी थापताना, आणि आता बोलतानासुद्धा. डॉक्टर म्हणतात, तिची फुफ्फुसं आतून आखडत चालली आहेत. कारण सांगता येत नाही आणि औषधानं परत सैल होत नाहीत. तिनं आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही, तुला ठाऊक आहे. नाकाला नळी, नळीला मशीन. नळी जेवढी लांब तेवढंच तिचं घर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते, पुढं नाही. तिथं खुर्ची टाकून बसते आणि मला आमटीत काय घालायचं ते सांगते. आम्हाला मूलबाळ नाही, घरात बोलणारी आम्ही दोघंच. त्यातली एक आता मोजकं बोलते. मशीन दिवसरात्र घुर्र करत असतं. आधी त्याचा त्रास व्हायचा. आता लाइट जाऊन घरातल्या इन्व्हर्टरवर जाताना ते क्षणभर थांबतं, तेव्हा मी असेन तिथून उठून तिच्याकडे धावतो.

दिवाळीत तिनं एकच गोष्ट मागितली. माहेर, कुरुंदवाड बघायचं.

मी म्हटलं, राजशेखरनं तुला येऊ नको म्हटलंय ना? ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "त्यानं उंबऱ्याला येऊ नको म्हटलंय. रस्त्यावर येऊ नको म्हटलं न्हाय. गाडीतनंच बघू. उतरायचं न्हाय."

राजशेखर, चौदा वर्षं झाली. त्या वेळचं मी आजवर काही बोललो नाही आणि आताही कुणाची बाजू घेत नाही. तू हुबळीला गेला होतास. अव्वाच्या पोटात दुखत होतं, नीलम्मा सहज म्हणून आलेली, तिची ती अवस्था बघून तिला तशीच कोल्हापूरला दवाखान्यात घेऊन आली. अव्वा वाचली नाही. तू परत आलास तेव्हा आम्ही तिला जीपमधून आणत होतो. तुला आईशी शेवटचं बोलता आलं नाही. सगळ्या भाऊबंदांसमोर तू नीलम्माला म्हणालास, "चालत गेलेली माझी आई तू उचलून आणलीस. परत ह्या उंबऱ्याला येऊ नकोस." ती आली नाही. तू तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तुला कडेवर घेऊन ती शाळेत जायची, बाई ओरडल्या तर तुला वर्गाबाहेर बसवून दारातूनच धडा ऐकायची. अशी बाई तुझा शब्द मोडेल का?

रविवारी, १७ तारखेला, आम्ही येतोय. दुपारपर्यंत पोचू. तुझ्या दुकानासमोर रस्त्यापलीकडं गाडी लावू. ती उतरणार नाही. तू रस्ता ओलांडावास एवढीच माझी विनंती आहे. तुला हे कळवलंय हे तिला मी सांगितलेलं नाही, म्हणजे तू आला नाहीस तरी तिला काही वाटायला नको.

तुझा
चन्नाप्पा


कसबा बावडा
१९ डिसेंबर २००६

राजशेखर,

वायरिंग उत्तम चाललं. जाऊन-येऊन सगळा वेळ मशीन एकदाही थांबलं नाही. जयसिंगपूरच्या अलीकडे उसाच्या गाड्यांत अडकलो, बाळासोनं इंजिन बंद केलं नाही, त्यामुळे बॅटरीवर भार आला नाही. शिरोळजवळ मी उतरून बॉनेट उघडून बघितलं. फ्यूज गार होता. केबल गार होती. तुझ्या कामात खोट नाही.

हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला बसलो की हात अडतो.

गाडी शिरोळ सोडून निघाली तशी ती खिडकीकडे सरकून बसली. नाकात नळी, डोक्यावर पदर, आणि लहान मुलीसारखी बोटं काचेवर. वाडीचा फाटा गेला, नदीचा पूल आला. पुलावर बाळासोला म्हणाली, "जरा हळू घे बाबा." पाणी बघितलं. मग तुझी आठवण काढून म्हणाली, "तम्माला इथंच पोहायला शिकवलं मी. पाठीवर भोपळा बांधून. बुडतोय बुडतोय म्हणून आख्खा घाट गोळा केलता त्यानं." हसली आणि त्या हसण्यानं तिला एवढा खोकला आला की बाळासोनं गाडी कडेला घेतली.

तुझ्या दुकानासमोर गाडी लावली तेव्हा शटर अर्धं खाली होतं. आत दिवा दिसत होता. मी उतरलो, हाक मारली. कुणी नव्हतं. शेजारच्या चहाच्या गाड्यावरच्या तानाबाई म्हणाल्या, "आत्ता तर हितंच हुता की. पावणं, बसा, येईल." घरात बघू म्हटलं तर विद्याश्री मुलांना घेऊन माहेरी गेल्याचं कळलं. तानाबाईंनी गाडीत डोकावून नीलम्माला ओळखलं. एवढ्या वर्षांनी, एवढी सुकलेली, तरी ओळखलं. "आक्का? अगं बया, काय झालं ह्ये तुला? उतर की."

"न्हाय. बसते हितंच," नीलम्मा म्हणाली.

तानाबाईंनी चहा दिला. तिनं दोन घोट घेतले आणि दुकानाकडे बघत बसली. पाटीकडे बघून म्हणाली, "पाटी नवी केल्या." थोड्या वेळानं म्हणाली, "बॅटऱ्या कशा ओळीत लावल्यात बघा. लहानपणी गोट्या अशाच लावायचा." मी मुद्दाम गाडीबाहेर उभा राहिलो. दर माणूस वळला की मला वाटायचं तूच. बाळासो इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

बराच वेळ गेला. मग तिनं आतून काच वाजवली. "चला."

"अजून थोडं थांबू," मी म्हटलं.

"पुरे झालं. चला."

आम्ही निघालो. पूल ओलांडला, वाडी मागं पडली. तेव्हा ती म्हणाली, "तम्मा जाड झालाय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कुठल्या तम्माचं बोलतेस?

"आपला. गाडीच्या आरशात दिसत हुता. मागं लाकडाच्या वखारीच्या भिंतीला लागून हुबा हुता. हातात पान्हा. केस पांढरं झालंत त्याचं." श्वास घेतला आणि म्हणाली, "पहिल्यापास्नं हुता तिथं."

राजशेखर, मी गाडी थांबवायला सांगणार होतो. परत फिरून तुझ्या अंगावर ओरडावं असं वाटलं. तिला विचारलं, मग हाक का मारली नाहीस? बाळासोनंही आरशातून मागं बघितलं, त्यालाही तेच विचारायचं होतं.

ती म्हणाली, "हाक मारली असती तर त्याला यावंच लागलं असतं. मला ते नको हुतं."

मग डोळे मिटले. घरी येईपर्यंत चेहरा शांत होता. मी रडलो, ती नाही.

मी रागावलोय, हे लपवत नाही. तू पत्र वाचलंस, तारीख तुला ठाऊक होती, तू दुकान अर्धं उघडं टाकून बाहेर जाऊन उभा राहिलास. मनाची तयारी करत होतास, की आम्ही कधी जातोय याची वाट बघत होतास, हे तुझं तुला ठाऊक. मी चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं. यात शिव्या नाहीत, म्हणून हे पाठवतोय.

आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली, स्वतःपासूनही लपवत होतो. डॉक्टरांनी गणपतीतच सांगितलंय की आता उपाय संपले. मशीनचा काटा वाढवत जायचा, तो जिथं संपतो तिथं संपलं. तो आता शेवटून दुसऱ्या खुणेवर आहे. यानंतर तिला पुन्हा एवढ्या लांब नेता येणार नाही. मी तिला परत आणणार नाही तुझ्या रस्त्यावर. आता यायचं असेल तर तुलाच यावं लागेल.

चन्नाप्पा


कसबा बावडा
११ मार्च २००७

प्रिय राजशेखर,

सगळे विधी उरकून परत आल्यावर पहिल्यांदाच लेखणी हातात धरतोय. तुझे दोन फोन आले, मी नीट बोललो नाही. फोनवर मला काही सुचत नाही. तुला लिहायची मात्र सवय झाली आहे.

घर आता फार मोठं झालंय. मशीन भाड्याचं होतं, बरोबर परत आणलं, परवा त्याचा माणूस येऊन घेऊन गेला. भिंतीजवळ जिथं ते असायचं तिथं फरशीवर चौकोन उमटलाय, आजूबाजूची फरशी काळपट आणि तेवढीच जागा स्वच्छ. दुपारी झोपलो की अजून त्याचा आवाज ऐकू येतो आणि जाग आल्यावर नसतो. बाळासो रोज संध्याकाळी येऊन बसतो. "दाजी, इन्व्हर्टर काढू नका म्हणतोय, असू दे गाडीत. लोकास्नी उपेगी पडंल," असं म्हणाला. असू दे म्हटलं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती आधी सांगतो.

माझं ते रागाचं पत्र मिळालं त्याच आठवड्यात तू स्कूटरवरून बावड्याला आलास. घरात आला नाहीस. बाळासोला बोलावलंस, ट्रॅक्सचं बॉनेट उघडायला लावलंस आणि वायरिंग तपासत बसलास. केबलला हात लावून बघितलास, नट आवळलेस, रबरी बूच काढून पुन्हा बसवलंस. केवढा तरी वेळ. बाहेर काय चाललं होतं ते तुला ठाऊक आहे, आत काय चाललं होतं ते ठाऊक नाही.

मी खिडकीतून बघितलं आणि तिला म्हटलं, तम्मा आलाय. ती एकदम उठून बसली. मी तुला हाक मारायला निघालो तर माझा हात धरला. "नका. करू दे त्याला काम." मग म्हणाली, "माझी वेणी घाला." मी आयुष्यात कधी वेणी घातली नव्हती. कशीतरी तीन पेडांची घातली, वाकडी झाली. आरसा मागितला, बघून म्हणाली, "असू दे. त्याला काय कळतंय?" कपाळाला विभूती लावली, पदर नीट केला आणि दाराकडे तोंड करून बसली. तू बाहेर नट आवळत होतास आणि ती इथं अशी बसली होती. तू हात पुसत दारात आलास तेव्हा मी मागल्या दारानं बाहेर गेलो. तुमचं कानडीत बोलणं चाललेलं ऐकू येत होतं, पण मी ऐकायला थांबलो नाही. ते तुमचं होतं.

संक्रांतीनंतर तू तिला कुरुंदवाडला न्यायचं म्हणालास. आता एवढ्या लांब नेता येणार नाही असं मीच लिहिलं होतं, म्हणून भीत होतो. तू म्हणालास, "दाजी, लाइटीचं माझ्यावर सोडा." ट्रॅक्समधून तिला आणायच्या आधीच तुझ्या पुढच्या खोलीत तू बॅटऱ्यांची ओळ लावलीस, त्यावर इन्व्हर्टर बसवलास, तशीच जाड केबल, तसाच फ्यूज बॅटरीला लागून. भारनियमनात आख्ख्या पेठेत अंधार असायचा आणि तिचं मशीन चालू. विद्याश्री तिला भरवायची. तुझी मुलं तिच्या पलंगाभोवती खेळायची आणि ती त्यांना तू बुडताना कसा ओरडला होतास ते सांगायची. मला रोज वाटायचं, ही बरी होतेय. मूर्खपणाच, पण वाटायचं.

आता जे लिहायला मी टाळत होतो ते.

मशीनची जाळी बदलायची होती आणि ती कोल्हापूरलाच मिळणार होती. मीच निघालो. तू म्हणालास, मी आणतो. मी म्हटलं, नको, घराकडंही एक फेरी होईल. सकाळच्या एसटीनं आलो. नीलम्मा म्हणाली, येताना घरची लसणीची चटणी आणा, बरणीत असेल. एवढंच बोलणं. मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, गाडी चुकेल म्हणून.

जाळी घेतली, घरी येऊन बरणी पिशवीत घातली आणि तेवढ्यात तुझा फोन आला. तुझं पहिलं वाक्य मी विसरणार नाही. तू ती गेली असं म्हणाला नाहीस. तू म्हणालास, "दाजी, मशीन चालू होतं. लाइट गेलती, पण मशीन एक मिनिटबी थांबलं नव्हतं. सगळं चालू होतं." त्यावरून मला कळलं.

येतानाच्या एसटीत मी खिडकीजवळ बसलो होतो आणि माझ्या मनात काय आलं ते मी तुला सांगितलं नाही. मनात आलं की मी तिला तुझ्याकडे सोडली आणि तिच्याशी शेवटचं बोललो नाही. बोलत असलेली माझी बायको, आणि आता जाऊन काय बघायचं? कुणावर तरी ओरडावं असं वाटत होतं आणि समोर फक्त तूच होतास. शिरोळपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तू चौदा वर्षांपूर्वी जे बोललास त्याच जातीचं. मग पूल आला आणि मला पहिल्यांदा समजलं की त्या वेळी तुझ्या तोंडून ते कुठून आलं असेल. नीलम्माला ते पहिल्यापासून समजलं होतं. म्हणून ती तुझ्यावर कधी चिडली नाही. मीच चिडत राहिलो.

मी दारात आलो तेव्हा तू मला तिच्याकडे नेलं नाहीस. आधी बॅटऱ्यांकडे नेलंस. स्क्रू काढलास, फ्यूज बाहेर काढलास आणि माझ्यापुढे धरलास. "बघा, दाजी. उडलेला न्हाय. बघा तुम्ही." सगळे भाऊबंद बघत होते. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, आणि मी काय बोलेन असं तुला वाटत होतं ते मला दिसत होतं.

मी फक्त म्हणालो, "ठेव ते." तेवढंच बोलू शकलो. पुढचं आता लिहितो. फ्यूज दाखवायची तुला गरज नव्हती. ती विजेवाचून गेली नाही आणि माणसांवाचूनही गेली नाही. ती कुरुंदवाडात होती, तिच्या घरात, उंबऱ्याच्या आत, तिचा हात तुझ्या हातात होता असं विद्याश्रीनं सांगितलं. मी जवळ असतो तर मला बरं वाटलं असतं. तिला मात्र जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. तिला अव्वाशेजारी माती द्यायचं तूच सुचवलंस. मला ते मान्य होतं, मी मान हलवली, तू ती बघितलीस की नाही ठाऊक नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

आता एकच मागणं. त्या सकाळचं मला कुणी सांगत नाही. विद्याश्री रडते, तू फोनवर हवापाण्याचं बोलतोस. मला वाईट वाटेल म्हणून टाळताय. ते टाळू नका. मी सगळीकडे होतो, त्या सकाळी तेवढा नव्हतो, आणि ती सकाळ तुझ्याकडे आहे. मी निघाल्यावर ती काय म्हणाली? चहा घेतला का? खिडकी उघडी होती का? तू तिच्याशी काय बोललास? शेवटी तिनं कुणाचं नाव घेतलं का? माझं घेतलं नसलं तरी चालेल. खोटं घालू नकोस. ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं लिही, आकृती काढतोस तसं, काही न सोडता.

तुला लिहायला वेळ लागेल, ठाऊक आहे. दुकान बंद झाल्यावर बस आणि थोडं थोडं लिही. पोस्टमन आमच्या गल्लीत दुपारी येतो. मी ओट्यावरच असतो.

तिच्या शेवटच्या सकाळची वाट बघत,
तुझा दाजी